प्रतिपिंडे आढळली, म्हणजे नेमके काय? एचआयव्हीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न (मडगाव) : गोवराची प्रतिपिंडे (अँटीबॉडी) रक्तात असली की संरक्षण मिळाले असे म्हणतात. मग एचआयव्हीच्या चाचणीत तीच आढळली, तर ती वाईट बातमी कशी?

उत्तर : गोवराच्या विषाणूचा जो भाग प्रतिपिंडे ओळखतात, तो वर्षानुवर्षे फारसा बदलत नाही. एचआयव्हीचे वेष्टन मात्र शर्करेच्या दाट थराखाली दडलेले असते, आणि स्वतःच्या प्रती काढताना हा विषाणू इतक्या चुका करतो की आज तयार झालेली प्रतिपिंडे काही महिन्यांतच जुन्या विषाणूपुरती उरतात. शिवाय तो पेशीच्या जनुकांत घर करतो, तिथे प्रतिपिंडे पोहोचत नाहीत. म्हणून चाचणीपट्टीवर उमटलेली दुसरी रेघ ही संसर्गाची खूण आहे, संरक्षणाची नव्हे. अर्थात एकाच पट्टीवर निदान होत नाही. ते वेगवेगळ्या तीन चाचण्यांनी पक्के करतात.

प्रश्न (फोंडा) : माझ्या मावसभावाचे निदान होऊन आठ वर्षे झाली. औषध न घेताही त्याच्या रक्तात विषाणू मोजता येत नाही. त्याची प्रतिपिंडे फार ताकदवान असणार, मग गोळ्या कशाला, असे घरातली मंडळी म्हणतात.

उत्तर : असे लोक शंभरात एकही भरत नाहीत. त्यांच्याविषयी हा समज सर्रास आढळतो, पण प्रत्यक्षात चित्र जवळजवळ उलटे आहे. अनेक प्रकारच्या विषाणूंना निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे बहुधा अशा रुग्णांत तयार होतात, ज्यांच्या रक्तात विषाणू दोन-तीन वर्षे भरपूर असतो, कारण सतत बदलणाऱ्या शत्रूमागे धावतच ती घडत जातात. तुमच्या भावासारख्यांच्या शरीराला तेवढी चिथावणीच मिळत नाही. २०१० मध्ये जाहीर झालेले व्हीआरसी०१ हे प्रसिद्ध प्रतिपिंड ज्या व्यक्तीच्या रक्तातून वेगळे केले, तिच्या स्वतःच्या विषाणूने त्यालाही चकवलेले होते.

नियंत्रणाचे मुख्य काम सीडी८ या मारक पेशी करतात. एचएलए-बी५७ आणि बी२७ ही जनुकरूपे अशा लोकांत जास्त आढळतात, आणि ती या पेशींना विषाणूचे सहज न बदलणारे तुकडे दाखवतात. माकडांतील प्रयोगांत सीडी८ पेशी काढून टाकल्यावर दबलेला विषाणू पुन्हा उसळला. प्रतिपिंडे अगदीच निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. संक्रमित पेशीवर बसून ती इतर मारक पेशींना बोलावतात, आणि नियंत्रण राखणाऱ्यांत हे काम अधिक चांगले होत असल्याच्या खुणा आहेत. पण तो साहाय्यकाचा वाटा.

आता गोळ्यांविषयी. विषाणू मोजता आला नाही तरी अशा व्यक्तींत अंतर्गत दाह सुरू राहू शकतो, काहींच्या सीडी४ पेशी (एचआयव्ही ज्यांवर हल्ला करतो त्या संरक्षक पेशी) हळूहळू घटतात आणि काहींचे नियंत्रण वर्षांनंतर सुटते. भारतात २०१७ पासून निदान झालेल्या प्रत्येकाला उपचार देण्याचे धोरण आहे, तेव्हा त्याला बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या (गोमेकॉ) एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरील औषधोपचार केंद्रात, जरूर न्या.

प्रश्न (पेडणे) : सून नियमित औषध घेते. सहा महिन्यांच्या नातवाच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. त्यालाही लागण झाली का?

उत्तर : एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे येतात आणि अठरा महिन्यांपर्यंत टिकू शकतात, म्हणून या वयात विषाणूच शोधणारी पीसीआर चाचणी करावी लागते. ती एरवी बाळ सहा आठवड्यांचे असतानाच, टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवर करतात. झाली नसेल तर याच आठवड्यात करून घ्या, आणि अठरा महिन्यांची अंतिम चाचणी चुकवू नका.