लिनक्स मिंट टाकल्यावर डेस्कटॉप १०२४×७६८ वरच अडकलाय, सगळं फुगलेलं दिसतं. परत इन्स्टॉल करू का?

भाऊ, परत इन्स्टॉल करू नका. तुम्ही लिहिलंय की भुसावळच्या तुमच्या असेंबल्ड पीसीत एनव्हिडिया जीटी ७१० ग्राफिक्स कार्ड आहे, मॉनिटर एचडीएमआय-टू-व्हीजीए कन्व्हर्टरवर लावलाय आणि पेनड्राइव्हवरून बूट करताना कम्पॅटिबिलिटी मोड निवडला होता. दोष या शेवटच्या दोन गोष्टींपैकी एकीत आहे, कदाचित दोन्हींत. फॉरमॅट मारून त्यातलं काहीच सुधारत नाही.

आधी ड्रायव्हर बघू. टर्मिनलमध्ये ‘इन्क्सी -जी’ ही कमांड इंग्रजी अक्षरांत द्या, ‘जी’ कॅपिटल. रेंडररच्या ओळीत ‘एलएलव्हीएमपाइप’ आलं, तर चित्र काढायचं काम कार्डाऐवजी प्रोसेसरच्या डोक्यावर आहे. खिडक्या अडखळत सरकतात त्या यामुळेच. कम्पॅटिबिलिटी मोड कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, ‘नोमोडसेट’ हा कार्डाचा ड्रायव्हर बाजूला ठेवायला लावणारा शब्द देतो आणि तो इन्स्टॉल झालेल्या सिस्टीममध्येही राहून जाऊ शकतो. ‘कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन’ केलं की आहे की नाही ते लगेच दिसतं. असेल तर ‘सुडो नॅनो /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब’ उघडा, ‘ग्रब सीएमडीलाइन लिनक्स डीफॉल्ट’च्या ओळीतून तेवढाच शब्द काढा, सेव्ह करा, ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा आणि रीबूट करा. त्यानंतर काळा स्क्रीन आलाच, तर ग्रबच्या, म्हणजे सुरुवातीच्या बूट मेनूत ‘ई’ दाबून ‘क्वाएट स्प्लॅश’च्या जागी ‘नोमोडसेट’ लिहा आणि एफ-१० दाबा. तेवढ्यापुरतं बूट होईल.

एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर हवाच असेल, तर ड्रायव्हर मॅनेजरमधून ४७० मालिकेतला घ्या. या कार्डाला चालणारी ती शेवटची मालिका आहे, त्यापुढचे ड्रायव्हर कार्ड ओळखतच नाहीत. बायोसमध्ये सिक्युअर बूट (सही नसलेले ड्रायव्हर अडवणारी सोय) चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना पासवर्ड मागतात. पुढच्या बूटला निळा स्क्रीन येतो, तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. बरेच जण घाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबतात आणि मग ड्रायव्हर असूनही लोड होत नाही. माझं मत विचाराल तर ऑफिसचं काम आणि ब्राउझिंगसाठी मिंटसोबत येणारा नूव्हो हा ड्रायव्हर पुरेसा आहे.

रेंडररमध्ये कार्डाचं नाव आलं, तरी १०२४ च्या पुढे पर्याय नाही? मग गडबड केबलीच्या बाजूला. मॉनिटर आपली रिझोल्यूशनं ‘ईडीआयडी’ नावाच्या छोट्या नोंदीतून कळवतो. व्हीजीएत ती १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून जाते. स्वस्त केबलीत या पिनांच्या तारा नसतात, नाहीतर कन्व्हर्टर ती नोंद पुढे देत नाही. नूव्हो चालू असताना ‘/सिस/क्लास/डीआरएम’ खाली तुमच्या एचडीएमआय पोर्टचा फोल्डर शोधा आणि त्यातल्या ‘ईडीआयडी’ फाइलवर ‘डब्ल्यूसी -सी’ चालवा. १२८ किंवा २५६ आलं तर नोंद पोचतेय, ० आलं तर नाही. फाइल मॅनेजरमधल्या साइझवर जाऊ नका, ती भलतीच दिसते.

जीटी ७१० च्या बहुतेक कार्डांवर व्हीजीए पोर्ट असतोच. कन्व्हर्टर बाजूला ठेवून चांगली केबल थेट कार्डावर लावा, मदरबोर्डच्या पोर्टवर नाही. जळगावला जाणं होणार असेल तर गोलाणी मार्केटमधून केबल घेताना दोन्ही टोकांच्या पिना मोजा. ९ नंबरची नसली तरी चालते, १२ आणि १५ हव्यातच.

केबल येईपर्यंत ‘सीव्हीटी १९२० १०८० ६०’ ने मोडलाइन, म्हणजे त्या रिझोल्यूशनच्या मापांची ओळ काढा, ‘एक्सरँडर’च्या न्यूमोड आणि ॲडमोडने ती जोडा आणि त्याच ओळी होम फोल्डरमधल्या ‘.एक्सप्रोफाइल’ फाइलमध्ये ठेवा, नाहीतर रीबूटनंतर मोड उडून जाईल. १३६६×७६८ च्या मॉनिटरला सीव्हीटी १३६८ देतं, कारण रुंदी ८ च्या पटीत धरतं. त्यात कडेला एखादी रेघ कापली गेली तर घाबरू नका.

आणि रंगीत ठिपके किंवा फाटक्या रेघा बायोसच्या स्क्रीनवरही दिसत असतील, तर लिनक्सच्या मागे लागू नका. कार्डाचा पंखा आणि हीटसिंकमधली धूळ आधी बघा, भुसावळच्या उन्हाळ्यात तर नक्कीच.