भारत-पाकिस्तान व्यापार राजकारणामुळे किती अडतो?

जवळजवळ पूर्णच. १९९६ मध्ये भारताने पाकिस्तानला 'सर्वाधिक पसंतीचा देश' हा दर्जा दिला (म्हणजे व्यापारात इतर देशांसारखीच समान वागणूक), तिकडून तो आपल्याला कधीच मिळाला नाही. पुलवामानंतर आपणही तो काढून घेतला आणि थेट २०० टक्के आयात शुल्क लावलं. ऑगस्ट २०१९ मध्ये ३७० कलमावरून पाकिस्तानने व्यापारच थांबवला.

मशीद बंदरला सुक्यामेव्याच्या दुकानात खारीक आणि सैंधव मिठाचा भाव विचारा, म्हणजे झळ कळेल. दोन्ही माल प्रामुख्याने तिकडून यायचे. कराची समुद्रमार्गे मुंबईला कोलकात्यापेक्षा कितीतरी जवळ, तरी माल दुबईला वळसा घालून यायचा आणि भाडं चढायचं. पहलगामनंतर, मे २०२५ मध्ये, तोही रस्ता बंद झाला.

शुल्कापेक्षा मला जास्त खटकते ती अनिश्चितता. १६ फेब्रुवारी २०१९ ला संध्याकाळी अधिसूचना निघाली आणि अटारीच्या सीमा नाक्यावर त्याआधीच कागदपत्रं सादर झालेल्या मालावरही २०० टक्के मागितले गेले! आयातदारांना सुप्रीम कोर्टापर्यंत लढावं लागलं. २०२० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला खरा, पण तोवर दीड वर्ष गेलं होतं. एवढी जोखीम छोटा व्यापारी कुठून घेणार?