पेट्रोलच्या टाकीत ॲसिटोन किंवा थिनर टाकल्याने गाडीचं ॲव्हरेज वाढतं का?

तुमची 2014ची पेट्रोल हॅचबॅक, ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यापासून ॲव्हरेज 18 वरून 16 वर आलंय, मित्र म्हणतो टाकीत ॲसिटोन टाक नाहीतर थिनर, अजून कोणीतरी डांबर गोळ्या सांगितल्यात, आणि तुम्ही एकदा 100 मिली ॲसिटोन टाकून पण मोकळे झालात. सरळ सांगतो, परत टाकू नका. मी इथेच नाशिकला अंबड एमआयडीसीत रबर पार्ट बनवणाऱ्या युनिटमध्ये क्वालिटीला आहे, ओ-रिंग, ऑइल सील, फ्युएल होज हेच दिवसभर बघतो, म्हणून जरा लांबड लावतोय.

आधी साधा हिशोब करा. टाकी 35 लिटरची धरली तर 16च्या ॲव्हरेजने 560 किमी. मित्र म्हणतो तसं 10 टक्के वाढायचं तर 56 किमी जादा पळायला पाहिजे. 100 मिली पेट्रोलवर तुमची गाडी जाते 1.6 किमी, आणि ॲसिटोनमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा जवळजवळ तीस टक्के ताकद कमीच असते, म्हणजे त्या 100 मिलीवर सव्वा किमीसुद्धा धड नाही. मग बाकीचे 55 किमी येणार कुठून?

यावर सगळीकडे एकच उत्तर मिळतं, की ॲसिटोनमुळे पेट्रोलची वाफ चांगली होते आणि न जळता वाया जाणारं पेट्रोल जळतं. अहो पण न जळता जातंच किती? इंजेक्टरवाल्या गाडीत 98 टक्क्यांच्या आसपास पेट्रोल आतच जळून जातं. पेट्रोलची बरीचशी ताकद चाकापर्यंत पोचत नाही हे खरंय, पण ती जाते उष्णता म्हणून, रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून, आणि त्याला बाटलीतलं काहीच उपयोगाचं नाही. खरंच अर्धं पेट्रोल कच्चं बाहेर पडत असतं तर तुमचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या लाइनमधला धूर साफ करणारा डबा) तापून कधीच वितळला असता.

आता माझ्या धंद्यातलं. आमच्याकडे स्वेल टेस्ट असते, म्हणजे ओ-रिंग काट्यावर तोलायची, केमिकलमध्ये बुडवून ठेवायची, मग बाहेर काढून पुसून परत तोलायची आणि व्हर्निअरने मोजायची. व्हिटॉन या खास रबराची रिंग, जी आत्ताच्या गाड्यांत इंजेक्टरला वगैरे वापरतात, ती पेट्रोलमध्ये जवळपास जशीच्या तशी राहते. तीच ॲसिटोनमध्ये टाकली की नुसती फुगते, खोबणीत परत बसवायला गेलात तर बसत नाही, नखाने दाबलं तर पिचते. नायट्राइल रबर पण ॲसिटोनला टिकत नाही. ॲसिटोनला जे रबर चालतं ते ईपीडीएम, आणि ते पेट्रोलमध्ये फुगतं! म्हणजे गाडी बनवणारा दोन्हीला एकदम चालेल असं साधं रबर टाकूच शकत नाही, त्याने पेट्रोल आणि थोडं इथेनॉल धरून निवडलंय. हां, हे सगळं शुद्ध ॲसिटोनचं, अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी प्रमाणात लगेच काही फुटणार नाही हे पण तितकंच खरं. पण माणसाचा स्वभाव असा की 100 मिलीने फरक पडला नाही की पुढच्या वेळी 300 टाकतो, मग अर्धा लिटर, आणि मग पंपाचा नाहीतर इंजेक्टरचा खर्च निघाला की पेट्रोल पंपवाल्याला शिव्या.

थिनरचं तर त्याहून वाईट, कारण सुट्या थिनरच्या डब्यात टोल्युइन किती, ॲसिटोन किती, अजून काय काय मिसळलंय हे विकणाऱ्याला पण माहीत नसतं. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये पाणी, सेंट, तेल असतं. डांबर गोळ्या हा स्कूटरच्या जमान्यातला प्रकार, त्यातल्या काही गोळ्या नॅप्थलीनच्या नसून पॅराडायक्लोरोबेंझिनच्या असतात, म्हणजे त्यात क्लोरीन, जळल्यावर ॲसिड. रॉकेलने इंजिन नॉक करतं, म्हणजे आतून ठोके मारतं. आपल्या जिल्ह्यात तर भेसळ म्हटलं की मनमाडजवळचं पानेवाडी आठवतं, 25 जानेवारी 2011ला अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तिथे भेसळवाल्यांनी जाळून मारलं. ती भेसळ सुद्धा स्वस्त रॉकेलवर पैसा काढायलाच होती, ॲव्हरेज वाढतं म्हणून कोणी केली नव्हती.

मग लोकांना फरक का वाटतो? एक तर टाकल्यावर माणूस आपोआप हळू चालवतो. दुसरं म्हणजे मोजायची पद्धत, एका पंपावर नॉझल कट झाल्यावर थांबले, दुसऱ्यावर वरून दाबून भरलं, तिथेच लिटर-दीड लिटरचा घोळ. आणि आपल्याकडचा कसारा घाट विसरू नका, नाशिक साधारण 600 मीटर उंचीवर आहे, मुंबईला जाताना ॲव्हरेज भारीच दिसणार, येताना उतरणार. जाताना ॲसिटोन टाकलं की झालं सिद्ध!

आता तुमचा खरा प्रश्न. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ताकद कमी असते. नीती आयोगाच्या 2021च्या ई20 वाल्या रिपोर्टमध्येच ई10 साठी सेट केलेल्या जुन्या चारचाकींचं मायलेज 6-7 टक्के घटेल असं दिलंय. त्या हिशोबाने 18चे साधारण 17 व्हायला पाहिजे होते. ते 1 गेलं, ते कुठल्याही बाटलीने परत येणार नाही. पण तुमचे 16 झालेत, म्हणजे अजून एक किमी दुसरीकडेच गळतोय, आणि तो सापडू शकतो.

मी आधी ब्रेक बघेन. सपाट रस्त्यावर पाच-सात किमी जमेल तितका कमी ब्रेक मारत जा, थांबा, चारही रिमजवळ हात न्या. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं लागलं तर त्या चाकाचा ब्रेक (कॅलिपर) चिकटतोय. मग जॅक लावून, न्यूट्रलमध्ये, ते चाक हाताने फिरवून बघा, फिरवायला जड जातं का. 11-12 वर्षांच्या गाडीत हे कॉमन आहे आणि ड्रायव्हरला कळत पण नाही. मग टायरची हवा, सकाळी थंड असताना, दारावरच्या स्टिकरप्रमाणे. एअर फिल्टर, प्लग, अलाइनमेंट. आणि रोज नाशिकच्या द्वारका चौकातल्या जाममध्ये एसी लावून उभे राहत असाल तर इंजिन उभ्या उभ्या तासाला अर्धा ते एक लिटर पितं, ते पण धरा. मेकॅनिककडे जाताच आहात तर फ्युएल लाइनचे रबरी पाइप दाखवून घ्या, ई20 वर एवढ्या जुन्या गाडीचे कडक झालेत का, भेगा पडल्यात का.

टाकलेल्या 100 मिलीचं टेन्शन घेऊ नका. पेट्रोल भरून टाकी फुल करा, 0.3 टक्का पण राहत नाही. टाकताना झाकणाभोवती सांडलं असेल तर तिथला पेंट मात्र बघून घ्या, ॲसिटोन पेंट खातं. उरलेली बाटली डिकीत ठेवू नका, 56 डिग्रीला उकळतं ते आणि एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडी आतून त्याच्या जवळपास जाते. घरात गॅसजवळ पण नको. एखाद्या पेंटिंगवाल्याला देऊन टाका, त्याला ब्रश धुवायला होईल.