छोट्या खोलीत स्टँडवर ठेवायला ५ इंची वूफरचे (खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याचे) स्पीकर घ्यावेत की साडेसहा इंची?

तुम्ही दिलेली माहिती अशी: खोली १२ बाय १० फूट, अँप्लिफायर ८ ओहमला ४० वॅटचा, बसायची जागा स्पीकरपासून साधारण २ मीटरवर, आणि स्पीकर मागच्या भिंतीपासून फार तर २० सेंटिमीटर पुढे आणता येतील. यातली शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आहे. तिच्यावरूनच सांगतो: ५ इंची घ्या. शक्यतो बंद पेटीचे घ्या, नाहीतर पोर्टमध्ये (पेटीतली हवा आतबाहेर करणाऱ्या नळीच्या भोकात) घालायचे फोमचे बोळे सोबत मिळतात असे.

कारण असं की खर्जाचा आवाज नुसता समोर जात नाही, पेटीच्या चारही बाजूंना पसरतो. भिंत जवळ असली की मागे गेलेला आवाज परतून पुढच्यात मिसळतो आणि बेस फुगतो. त्यात तुमच्या खोलीची १२ फुटांची लांबी ४७ हर्ट्झच्या आसपास घुमते आणि १० फुटांची रुंदी ५६च्या आसपास. छतही १० फुटांवर असेल तर ५६ला दुहेरी मार. साडेसहा इंची स्पीकर बहुधा ४५ हर्ट्झपर्यंत जोमाने उतरतो, म्हणजे या दोन्ही जागांना पुरेपूर खाद्य पुरवतो. ५ इंची त्याआधीच, ५५-६०ला, हलका व्हायला लागतो आणि राहिलेली कसर भिंत भरून काढते.

‘पोर्ट पुढच्या बाजूला असला की भिंतीजवळ ठेवलं तरी चालतं’ असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. मागच्या पोर्टला हवा खेळायला जागा लागते, पोर्टच्या व्यासाच्या निदान दुप्पट. तेवढी अडचण पुढच्या पोर्टने सुटते. पण बेस फुगतो तो भिंतीमुळे, आणि भिंतीला पोर्ट कुठे आहे याच्याशी काही देणंघेणं नाही. बंद पेटीचा बेस एका सप्तकाला १२ डेसिबल अशा हलक्या उताराने घटतो, पोर्टवाल्याचा २४ने. म्हणून भिंतीची भर बंद पेटीत सहज मुरते. पोर्टवाल्यात ठरावीक पट्टीत ढब्ब ऐकू येतं आणि त्याखाली काहीच नाही. पोर्टमध्ये बोळा घातला की उतार बंद पेटीसारखा होतो.

बंद पेटीची किंमत मोजावी लागते ती सेन्सिटिव्हिटीत, म्हणजे १ वॅटवर १ मीटर अंतरावर स्पीकर किती मोठा वाजतो त्यात. बीबीसीने सत्तरच्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी तयार केलेला एलएस३/५ए हा बंद पेटीचा छोटा स्पीकर जेमतेम ८२-८३ डेसिबलचा. तुमच्याकडे ते चालेल का, हिशेब करून बघा. ८६ डेसिबलचा स्पीकर १ वॅटवर २ मीटर अंतरावर साधारण ८० देतो. जोडी आणि खोली धरून ८३-८४. ४० वॅट म्हणजे १ वॅटच्या वर १६ डेसिबल, म्हणजे ९९-१००पर्यंतची शिखरं. ८२वाला घेतलात तर ९५-९६. घरात मन लावून ऐकताना सरासरी आवाज ७५-८०च्या घरात असतो, तेव्हा दोन्ही पुरतात. मोठ्याने ऐकायची सवय असेल तर मात्र ८५च्या खाली जाऊ नका. अँप्लिफायर ताणला की लाटांची शेंडी छाटली जाते आणि ट्वीटरला (बारीक, उंच आवाज काढणाऱ्या छोट्या पडद्याला) त्याच्या वाट्यापेक्षा जास्त ताकद जाते. ट्वीटर जळतात ते बहुतेक वेळा असेच.

सेन्सिटिव्हिटीचा आकडा वाचताना एक मेख लक्षात ठेवा. तो २.८३ व्होल्टला मोजलेला असतो. ८ ओहमला तो १ वॅट, पण ४ ओहमला २ वॅट. म्हणून ४ ओहमचा ‘८८’ हा खरा ८५च. शिवाय ८ ओहम छापलं असेल तर इंपीडन्स (स्पीकरचा ओहममधला विद्युत विरोध) कुठेही ६.४च्या खाली जाऊ नये असा आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचा दंडक आहे, आणि तो सगळे पाळतातच असं नाही. किमान इंपीडन्स वेगळा विचारा.

५ इंचीकडे माझा कल असण्याचं दुसरं कारण मध्यपट्टीत आहे. साडेसहा इंची वूफरचा पडदा अडीच हजार हर्ट्झच्या पुढे आवाज झोतासारखा अरुंद फेकू लागतो. तिथून ट्वीटर सूत्रं घेतो आणि एकदम रुंद पसरतो. समोर बसून ग्राफ सपाट दिसतो, पण बाजूच्या भिंतींवरून येणारा आवाज ३-४ हजारावर बोचरा होतो, आणि १० फुटी खोलीत या भिंती कानाजवळच असतात. ट्वीटरभोवती उथळ वाटीसारखा वेव्हगाइड असेल तर हे बरंच आटोक्यात राहतं. सीटीए-२०३४ पद्धतीने (सगळ्या दिशांना जाणारा आवाज मोजायची प्रमाणित पद्धत) मोजलेले ग्राफ मिळाले तर बाजूच्या रेषा आधी बघा. त्या उंचवट्यांशिवाय हळूहळू खाली उतरायला हव्यात.

स्टँडची उंची ट्वीटर कानाच्या रेषेत येईल अशी, म्हणजे सहसा ६० सेंटिमीटरच्या आसपास. पोकळ लोखंडी खांबात पूर्ण वाळलेली वाळू भरा. ओल राहिली तर आतून गंज चढतो. पेटीखाली चार कोपऱ्यांत वाटाण्याएवढ्या चिकट पुटीच्या गोळ्या लावल्या की ती हलत नाही. आणि पेटी आडवी ठेवू नका: मग वूफर आणि ट्वीटर शेजारी-शेजारी येतात, डोकं जरा हललं की दोघांपासूनची अंतरं बदलतात आणि क्रॉसओव्हरच्या पट्टीत, म्हणजे वूफर जिथे ट्वीटरकडे आवाज सोपवतो तिथे, आवाज खचतो.

तुलना करताना आवाजाची पातळी जुळवल्याशिवाय निकाल देऊ नका. जरासा मोठा वाजणारा नेहमीच सरस वाटतो. बसायच्या जागी फोनवर साधं ध्वनिमापक ॲप उघडा, दोन्ही जोड्यांवर पिंक नॉइज (चाचणीसाठी वापरतात ती एकसारखी खरखर) लावा आणि काटा एकाच आकड्यावर आणा. ॲपचा आकडा चुकीचा असला तरी फरक नाही, तो दोघांसाठी सारखाच चुकतो. मग डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड ऐका, किंवा बेस गिटारची सावकाश उतरणारी सुरावट. मधलाच एखादा स्वर उसळला तर दोष बहुधा खोलीचा आहे, स्पीकर बदलून तो जाणार नाही. खुर्ची १५-२० सेंटिमीटर पुढेमागे करून बघा.

वायर १.५ चौरस मिलिमीटरची, ५ मीटरपर्यंत पुरेशी. जोडल्यावर मोनो ध्वनिमुद्रण लावा. गायकाचा आवाज बरोब्बर मध्यावर न येता सगळीकडे पसरला आणि खर्ज गायब झाला, तर एका स्पीकरची लाल-काळी उलटी लागली आहे.