अमेरिकेत कमर्शियल केसमध्ये डिपॉझिशनचे (म्हणजे ट्रायलआधी साक्षीदाराची शपथेवर घेतलेली जबानी) प्रश्न कसे तयार करायचे?

केस फेडरल कोर्टात असेल तर आधी वेळेचा हिशोब करा, फेडरल दिवाणी प्रक्रियेच्या नियमांतल्या रूल ३० प्रमाणे एका साक्षीदाराला एकच दिवस, ७ तास मिळतात (दोन्ही बाजूंनी ठरवलं किंवा कोर्टाने वाढवून दिले तर गोष्ट वेगळी), त्यामुळे त्याचं कॉलेज, जुन्या नोकऱ्या यात दीड तास घालवू नका, नवे वकील हमखास घालवतात. मी तर सुरुवातीला प्रश्न लिहीतच नाही. करार मोडल्याचा दावा असेल तर त्यात काय काय सिद्ध करायचंय ते मांडते आणि प्रत्येक मुद्द्यापुढे ईमेल, इन्व्हॉइस जे असेल ते लावते, प्रश्न त्यातूनच सुचतात.

ट्रायलच्या उलटतपासणीसारखं हो-नाहीत अडकवायची घाई नको. समजा माल उशिरा पोचला, तर ‘उशीर होणार हे माहीत होतं ना?’ यापेक्षा ‘१२ तारखेचा हा ईमेल वाचल्यावर काय केलंत?’ विचारा, मग ‘अजून काही?’, ‘अजून कोणाशी बोललात?’ असं तो ‘नाही, एवढंच’ म्हणेपर्यंत, म्हणजे ट्रायलला नवीनच काहीतरी काढलं तर ट्रान्सक्रिप्ट (डिपॉझिशनची शब्दशः नोंद) समोर ठेवता येते. आणि हो, कंपनीचा प्रतिनिधी बोलावणार असाल तर रूल ३०(बी)(६)च्या नोटिशीत (कंपनीने कोणत्या विषयांवर बोलणारा माणूस पाठवायचा हे सांगणारी नोटीस) विषय अगदी नेमके लिहा, नाहीतर माणूस येतो आणि दिवसभर ‘मला कल्पना नाही’ करत बसतो.