बाप-लेकाचा समेट पडद्यावर खोटा का वाटतो?

प्रश्न थोडक्यात असा: सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव भागातल्या गावात बाप-लेकावर १५ मिनिटांची शॉर्टफिल्म करायची आहे. रुसून पुण्याला गेलेला मुलगा परत येतो, शेवटी दोघं मिठी मारून रडतात. पण संहिता वाचून दाखवली की नेमकं तिथंच मंडळी हसतात.

मंडळींचं हसणं बरोबर आहे. आपल्याकडचा बाप पोराशी थेट बोलत नाही. पोरगा दोन हातांच्या अंतरावर बसलेला असतो, तरी "जेवला का इचार त्याला" हे तो बायकोला सांगतो. तोच बाप शेवटच्या पानावर "मी तुला ओळखू शकलो नाही" म्हणायला लागला, तर ते लेखकच बोलतोय हे कुणालाही कळतं.

हा प्रसंग बोलण्यावर उभा करू नका, पाहण्यावर करा. कोण कुणाला कुठल्या अवस्थेत पाहतो आणि समोरच्याला ते कळतं का, एवढं आधी ठरवा.

जवळचंच उदाहरण घ्या. 'तारे जमीन पर' (२००७) मधली बोर्डिंग शाळा म्हणजे पाचगणीचं न्यू एरा हायस्कूल. बाप शाळेत येतो तो शिक्षकाला सांगायला की बायकोनं डिस्लेक्सियाबद्दल (मुलाची वाचण्या-लिहिण्यातली अडचण) इंटरनेटवर सगळं वाचलंय, आम्हाला मुलाची काळजी आहे. शिक्षक त्याला सुनावतो. परत निघताना त्याला मुलगा, ईशान, दिसतो, नोटीस बोर्डासमोर एकेक अक्षर जुळवत वाचणारा. बापाचे डोळे भरतात आणि तो तसाच निघून जातो. तो पोराजवळ जाऊन बोलला असता, तर आधीचं सगळं फुकट गेलं असतं.

'बायसिकल थीव्ज' (१९४८) या इटालियन चित्रपटात हेच उलट्या बाजूनं आहे. सायकल चोरताना पकडलेल्या बापाला लोक मारतात आणि ते पोरगा बघतो. तो खाली पडलेली टोपी उचलून झटकतो, मग चालताना बापाचा हात धरतो. माफी नाही, उपदेश नाही. 'फँड्री'त तर बापासोबत डुक्कर धरताना वर्गातल्यांनी आपल्याला बघू नये, म्हणून पोरगा जब्या लपत राहतो. तिथं समेट होतच नाही, आणि न होणंच खरं आहे. तुमच्या गोष्टीतही समेट झालाच पाहिजे असं नाही, हे एकदा तपासून बघा.

आता लिहायची रीत. शेवटचा प्रसंग दीड पानाच्या वर नको. एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. पहिला खर्डा एकही संवाद न घेता लिहा. गोष्ट त्यात कळली, तर फार तर पाच-सहा वाक्यं घाला आणि ती सगळी हातातल्या कामाची ठेवा. समजा, शेतीला रात्रीची लाईट (वीज) आहे आणि बाप उसाला पाणी पाजतोय. दारं मोडता मोडता (एका सरीचं पाणी दुसरीकडं वळवता वळवता) तो खोऱ्यावर भार देऊन थांबतो, कमरेला हात लावतो. पोरगा बांधावरून बघतोय. तेवढ्यात सरी फुटते, पाणी भलतीकडं जायला लागतं. पोरगा पळत खाली येऊन हातानं चिखल ओढतो. बाप म्हणतो, "चप्पल काढ की आधी." थोड्या वेळानं, "बॅटरी हिकडं धर." बस्स. दुखणं, दवाखाना आणि मेलेल्या आईचं पत्र हे तिन्ही संहितेत असतील तर काढून टाका. लेखकाला वाट सापडत नाही तेव्हाच ते येतात.

हाक आधी पक्की करा. पोरगा बापाला अण्णा, आबा, दादा, तात्या यातलं काय म्हणतो आणि अहो-जाहो करतो की नाही? हे मधेच बदललं की नातं सुटतं.

कॅमेऱ्यात दोघांना एकाच चौकटीत ठेवा, दोघांचं तोंड एकाच दिशेला. त्याचा चेहरा, मग याचा चेहरा असं कापत बसलात की मालिका झाली. शेवटच्या वाक्यानंतर कट म्हणायची घाई नको; चार-पाच सेकंद जाऊ द्या, बरेचदा खरा अभिनय तिथंच मिळतो. नट हौशी रंगभूमीवरचे घेणार असाल, तर आपल्याकडे सांगलीत १८४३ पासून नाटक आहे आणि शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची सवय तेवढीच जुनी! तालीम जेवायला बसल्या जागी, शेजारच्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात घ्या.

सगळ्यात जास्त घोटाळा आवाजात होतो. वाढलेल्या उसात पाल्याची सळसळ संवाद गिळते आणि पाणीही दिसत नाही, म्हणून गुडघ्याएवढा ऊस निवडा. पाण्याची मोटार चालू ठेवूनच शूट केलंत, तर तिची घरघर नंतर नीट पुसता येत नाही. पाणी आधी सोडून घ्या आणि संवादापुरती मोटार बंद करा. कॉलर माईक सदऱ्याला घासतो, तो टेपनं चिकटवा. निघण्यापूर्वी शेताचा नुसता आवाज मिनिटभर रेकॉर्ड करा, एडिटिंगला लागतोच. लांबचे शॉट दिवस मावळल्यावरच्या वीस-पंचवीस मिनिटांत उरकून घ्या, जवळचे अंधार पडल्यावर. बॅटरीचा उजेड एकटा पुरत नाही. छोटा एलईडी पांढऱ्या थर्माकोलवर मारून तोंडावर घ्या, आणि दोघांपैकी बापाच्या तोंडावर कमी.