बावन्न किलो सामान आणि दोन तिकिटं: ताई, आधी पिशव्या तोला

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही आणि भाऊजी इंदूरहून बेंगळुरूला मुलीच्या बाळंतपणाला निघालायत, मुक्काम तीन महिने, तिकिटं मुलाने सेलमधे वेगवेगळ्या दिवशी एकेक करून काढली, सामान "अंदाजे 52 किलो", आणि तिकिटावर लिहिलंय 15 अधिक 7, म्हणजे माणशी चेक-इनला 15 किलो आणि हातात 7. आता जादा वजनाचे पैसे आधी भरायचे की काउंटरवर हातापाया पडायचं, असं विचारताय.

हातापाया पडून काही होत नाही हे पहिलं सांगतो. काउंटरवरच्या पोरीच्या हातात काही नसतं, वजनाचा आकडा सिस्टिममधे जातो आणि मशीन पैसे सांगतं. एखाद किलो कधी सोडतात, कधी नाही, त्या भरवशावर घरातून निघू नये.

मी बँकेतून रिटायर झालो त्याला आता बरीच वर्षं झाली, एक मुलगी हैदराबादला, एक मुलगा जर्मनीत, त्यामुळे आमच्या घरात बॅग भरणं हा कायमचा उद्योग आहे. आणि इंदूरच्या माणसाचं दुखणं तुम्हाला माहीतच आहे, आपण रिकाम्या हाताने कुठे जातच नाही, शेव, जीरावन, चिवडा, शिवाय घरचं मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, वर शेजारच्या वहिनींनी "तिकडे आमच्या पिंकीला तेवढं द्या" म्हणून दिलेला डबा. त्या डब्याचं वजन कुणीच धरत नाही.

तर पहिलं काम, अंदाजे हा शब्द काढून टाका. बॅगा अडकवून तोलायचा छोटा डिजिटल काटा तीनचारशे रुपयांत मिळतो, नसेल घ्यायचा तर कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे पोती तोलायचा मोठा काटा असतो त्यावर ठेवा, आम्ही एकदा रद्दीवाल्याच्या काट्यावर सुटकेस ठेवली होती, त्याने घाबरून विचारलं भिया ये भी बेचना है क्या. घरात माणसं तोलायचा काटा असेल तर आधी स्वतः उभं राहायचं, मग बॅग उचलून उभं राहायचं आणि वजाबाकी करायची, किलोभर इकडेतिकडे होईल पण चालतं. रिकामी बॅग मात्र वेगळी तोला. तुमच्याकडे त्या जुन्या कडक कवचाच्या सुटकेसी असतील तर एकेक रिकामीच पाच किलोच्या आसपास भरते, म्हणजे 15 किलोतले पाच तुम्ही नुसत्या पेटीवर घालवले. कापडी हलकी बॅग अडीच-तीन किलोत येते. दोन बॅगा बदलल्या तर चारपाच किलो तिथेच वाचतात, कुणाकडून तरी मागून आणा, तीन महिन्यांसाठी नव्या घ्यायची गरज नाही.

आता हिशोब. दोघांचे मिळून चेक-इनमधे 30 आणि केबिनमधे 14, झाले 44. तुमचं 52 खरं असेल तर आठ किलो जास्त. हे काही रडण्यासारखं नाही. पण तुमची खरी अडचण दुसरीच आहे, तिकिटं दोन वेगवेगळ्या पीएनआरवर, म्हणजे बुकिंग नंबरवर आहेत. एका पीएनआरवर असता तर दोघांचं वजन एकत्र धरतात, एकाची बॅग 18 आणि दुसऱ्याची 12 चालून जाते. वेगळ्या पीएनआरवर तो हक्क नाही. म्हणजे भाऊजींच्या बॅगेत 24 किलो आणि तुमच्या बॅगेत 10 किलो असलं तर तुमचे पाच किलो वाया आणि त्यांच्या नऊ किलोचे पैसे. काउंटरवर जादा वजनाचा भाव किलोला पाचशेच्या वर असतो, नऊ किलोचे साडेचार-पाच हजार झाले, तेवढ्यात कदाचित एक तिकीट आलं असेल. तेव्हा दोन्ही बॅगा घरीच बरोब्बर चौदा-साडेचौदाच्या भरा. साडेचौदा मुद्दाम म्हणतोय, तुमचा काटा आणि विमानतळाचा काटा सख्खे भाऊ नसतात.

आणि एका माणसाने एकच बॅग. इंडिगोत देशातल्या प्रवासाला 15 किलो म्हणजे एक नग असा नियम आहे, आपण हुशारी करून सात-सात किलोच्या दोन पिशव्या केल्या तर वजन बसूनही जादा नगाचे पैसे मागू शकतात. गोणपाटाची पिशवी शिवून वेगळी टाकायची आपली जुनी सवय इथे महाग पडते. दुसरं, मुलाला विचारून तिकिटावर भाड्याचं नाव काय आहे ते बघा. 2021 मधे डीजीसीएने, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, चेक-इन सामान न नेणाऱ्यांना स्वस्त भाडं द्यायची परवानगी दिली, तेव्हापासून असली भाडी निघालीत, एअर इंडिया एक्सप्रेसमधे त्याला लाइट म्हणतात, त्यात केबिनमधलं सामान तेवढं फुकट, चेक-इन शून्य. तुम्ही 15 लिहिलंय म्हणजे तुमचं तसं नसावं, पण दोन तिकिटं दोन दिवशी काढलीत म्हणून दोन्ही उघडून बघा. पोरं ॲपवर सगळ्यात खालचा आकडा दाबतात आणि मग आपण बिजासनच्या टेकडीखाली विमानतळावर उभे राहून घाम पुसतो.

मीही पुसलाय. जर्मनीला मुलाकडे निघालो होतो, दिल्लीहून पुढच्या तिकिटावर 23 किलोचे दोन नग फुकट, मी खुश, दोन्ही बॅगा गच्च भरल्या. इंदूर-दिल्ली मात्र स्वस्त पडतं म्हणून वेगळ्या कंपनीचं वेगळं तिकीट घेतलं होतं आणि त्याला 15 किलो. काउंटरवर 46 किलो ठेवले. 31 किलो जास्त, किलोला साडेपाचशे, काउंटरवरच्या पोरीने कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला, सतरा हजार पन्नास. मी बँकेत आयुष्य काढलेला माणूस, मी तो गुणाकार मनात परत करून बघितला, बरोबर होता. मग तिथेच बाजूला लादीवर बसून दोन्ही बॅगा उघडल्या, मागे रांग, लोक माझे स्वेटर आणि लाडवाचे डबे बघतायत, पुतण्या सोडायला आला होता तो नशिबाने अजून बाहेर पार्किंगमधे होता, त्याला फोन करून एक अख्खी बॅग आणि दुसरीतलं दोनेक किलो परत दिलं. सहा किलोचे पैसे भरले. पुतण्याने शेव पंधरा दिवसांत संपवली, स्वेटर माझ्याशिवाय कुणाला होत नव्हते म्हणून राहिले.

चूक माझीच होती. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असला तर परदेशी तिकिटाची मर्यादा साधारण पहिल्या टप्प्यापासून लागू होते, वेगळं काढलं की प्रत्येक तिकीट आपापलं. हे तुमच्या उपयोगाचं नाही, पण ज्यांची मुलं परदेशी आहेत त्यांनी इंदूर-दिल्ली किंवा इंदूर-मुंबई वेगळं काढताना वाचलेले दीडदोन हजार आणि सामानाचे पैसे शेजारी शेजारी लिहून बघावेत.

आता बॅगेत काय. तुमच्या यादीत सुकं खोबरं दोन किलो दिसतंय, डिंकाच्या लाडवांसाठी. ते काढा. सुक्या खोबऱ्याला विमानात मनाई आहे, केबिनमधेही आणि चेक-इनमधेही, कारण त्यात तेल भरपूर असतं आणि ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणून ते ज्वालाग्राही मालात धरतात. शबरीमलाच्या भक्तांना इरुमुडीतला, म्हणजे डोक्यावरच्या पूजेच्या गाठोड्यातला, नारळ केबिनमधे नेऊ द्यायला 2024 च्या हंगामात सरकारला मुद्दाम तात्पुरती सवलत काढावी लागली होती, एवढं ते कडक आहे. आणि खरं सांगू का ताई, कर्नाटकात खोबरं घेऊन जाणं म्हणजे गंगेला घागरभर पाणी नेणं, तिकडे तिपटूरची खोबऱ्याची बाजारपेठ देशात नावाजलेली आहे. लाडू तिथे जाऊन वळा. डिंक, खारीक, आळीव न्या, त्यांना कुणी अडवत नाही आणि वजनही बेताचं.

पूजेच्या डब्यातला कापूर आणि काडेपेटीही काढा, दोन्ही कुठेच चालत नाही. विळी, किसणी, सुरी चेक-इनमधे जाते, पण भाऊजींच्या खिशात किंवा तुमच्या पर्समधे अडकित्ता असेल तर सीआयएसएफवाले काढून ठेवतील आणि तो परत मिळत नाही. माझ्या सासूबाईंचा पितळी अडकित्ता असाच गेला, त्यांनी ते मरेपर्यंत मला ऐकवलं. लोणचं आणि तिखट केबिनच्या पिशवीत नको, दोन्ही खालच्या बॅगेत, लोणच्याची बरणी काचेची नको, प्लॅस्टिकच्या डब्याच्या झाकणाखाली पिशवीचा तुकडा ठेवून झाकण लावा, वरून दोन पिशव्या, आणि तरी त्याच्याजवळ बाळाची दुपटी ठेवू नका. पॉवरबँक उलट, ती हातातल्या पिशवीतच, खाली चालत नाही. बाजारात मिळते ती 20,000 एमएएचची साधारण 74 वॉट-अवर भरते आणि मर्यादा 100 ची आहे, तेव्हा काळजी नको. गोळ्या-औषधं, दागिने, मुलीच्या फायली हातात.

हातातल्या पिशवीचं वजन 7 आणि माप तिन्ही बाजू मिळून 115 सेंटीमीटर, म्हणजे 55, 35, 25. माणशी एकच पिशवी, शिवाय बायकांची पर्स किंवा छोटी लॅपटॉपची बॅग चालते, इंडिगोत ती 3 किलोपर्यंत. शेव-चिवडा इथे टाका. शेव जागा खाते पण वजन करत नाही, आणि खालच्या बॅगेत तिचा भुगा होतो. उलट पीठं, लाडू, डाळी खाली. स्टीलचे डबे घरी ठेवा, मी किती वेळा सांगितलं तरी आमची ही ऐकत नव्हती, शेवटी सहा रिकामे डबे काट्यावर ठेवून दाखवले, पावणेदोन किलो. आता झिपच्या पिशव्या वापरतो. जड कपडे अंगावर घाला हा सल्ला सगळे देतात, मर्यादेत पाळावा. आमच्या व्याह्यांकडच्या एक काकू पहाटेच्या फ्लाइटला पैठणी नेसून आल्या होत्या, तपासणीला पाऊण तास लागला.

एवढं करूनही उरलं तर तेवढंच विकत घ्या, पण घरूनच, वेबसाइटवर. 3, 5, 10 किलो असे स्लॅब असतात, काउंटरपेक्षा दर कमी पडतो, फार कमी नाही. तुमच्या केसमधे मला वाटतं लागणारच नाही, बॅगा बदलून चारपाच, खोबरं दोन, डबे दीडदोन, झाले की आठ. आणि जे लागलीच नकोय ते आधीच पाठवा ना. आपल्या इंदूरच्या सराफ्यातले, छप्पन दुकानवाले नमकीनवाले बाहेरगावी पार्सल करतात, स्पीड पोस्टात 35 किलोपर्यंतचं पार्सल घेतात, तीन महिन्यांचं मेतकूट पहिल्याच दिवशी कुणी खाणार नाहीये. कुणी ओळखीचं इंदूरजवळच्या महूहून बेंगळुरूतल्या यशवंतपूरच्या साप्ताहिक गाडीने जात असेल तर त्याला थर्ड एसीत 40 किलो फुकट आहेत, सेकंड एसीत 50, त्याच्या गळ्यात बांधा.

तुम्ही शेवटी लिहिलंय की ही सरळ लूट आहे, सरकार काय करतं. केलं होतं. 2016 मधे डीजीसीएने 15 ते 20 किलोच्या मधल्या वजनाला किलोमागे 100 रुपयांची मर्यादा घातली, कंपन्या कोर्टात गेल्या आणि 2017 मधे दिल्ली हायकोर्टाने ती रद्द केली. मला स्वतःला दर जास्तच वाटतो, पण पंधरा किलो ही गोष्ट तिकीट काढतानाच लिहिलेली असते, रागावायचं तर तेव्हा रागवावं, काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतं आणि भांडणात तेवढा वेळ सहज जातो.

परतीचा विचार आत्ताच करून ठेवा. जाताना खाऊ संपेल, येताना लेकीने घेऊन दिलेल्या साड्या आणि जावईबापूंनी प्रेमाने बांधलेलं फिल्टर कॉफीचं भांडं असेल. परतीची तिकिटं अजून काढली नसतील तर मुलाला सांगा, दोघांची एकाच पीएनआरवर, चारशे जास्त गेले तरी. आणि आज-उद्यात बॅगा रिकाम्या नि भरलेल्या दोन्ही तोलून आकडे कळवा, पाच किलोचा स्लॅब घ्यायचा की नाही ते मग सांगतो.